कूलरच्या पाण्यावरचा कॉम्प्युटर

बालाघाटच्या उन्हाळ्यात माणसं दुपारभर कूलरपुढे आडवी होतात, मग यंत्रानं कुणाचं काय घोडं मारलंय, असा माझ्या मोठ्या भावाचा सवाल होता. म्हणून त्यानं घरातला कॉम्प्युटर कूलरच्या पाण्याला जोडला. हे मी सासरी सांगितलं तेव्हा सगळे हसले. मीही हसले. त्या वर्षी समोरचा हसला की आपणही हसायचं, एवढंच मला जमत होतं.

दादा लग्नांचं शूटिंग करायचा आणि घरीच त्याच्या सीडी बनवायचा. दोन हजारनंतरची ती पहिली वर्षं. प्रत्येक नवरानवरीला आपला चेहरा गुलाबाच्या फुलातून उमलताना दिसायला हवा असायचा. असं एकेक फूल उमलवता उमलवता कॉम्प्युटर एवढा तापायचा की मधेच बंद पडायचा आणि दादाचं अर्ध्या दिवसाचं काम वाया जायचं. लग्नसराई आणि ऊन आमच्याकडे बरोबरच येतात, त्यामुळे थंडी पडेपर्यंत थांबा असं कुठल्या गिऱ्हाइकाला सांगायची सोय नव्हती.

आधी मोठा पंखा बसवून झाला. मग कॅबिनेटचं झाकण काढून शेजारी टेबलफॅन लावून झाला, पण खोलीतलीच गरम हवा तो आणखी जोरात फेकायचा. पुढे दादानं कुठल्याशा मासिकात वाचलं की परदेशात हौशी लोक प्रोसेसर पाण्यानं थंड ठेवतात. त्याचं तयार सामान नागपुरातही मिळेना. वारासिवनीला राइस मिलचे सुटे भाग करून देणारा एक खरादवाला होता. त्याच्याकडून दादानं तांब्याचा पोकळ ठोकळा बनवून आणला, पाणी आत जायला एक तोटी आणि बाहेर यायला एक. तो प्रोसेसरवर घट्ट बसवला. गवंडी लेव्हल बघायला पारदर्शक नळी वापरतात, ती त्याला जोडली. पाणी घेतलं खिडकीतल्या कूलरच्या टाकीतलं. वाळ्याच्या ताट्यांवरून ठिबकून आलेलं ते पाणी भर दुपारीही गार असायचं. टाकीत एक जादा पंप सोडला आणि वाळ्याचा कचरा नळीत जाऊ नये म्हणून पंपाच्या तोंडाला आईच्या जुन्या पातळाचा तुकडा बांधला.

आणि ते चाललं की! तांब्याच्या ठोकळ्याला हात लावला तर माठासारखा गार. कॉम्प्युटर दिवसभर फुलं उमलवत बसायचा आणि कुरकुरायचा नाही. शेजारपाजारचे लोक बघायला यायचे, नळीतून पळणाऱ्या पाण्याकडे बघून 'ग़ज़ब है भैया' म्हणायचे आणि दोन पावलं लांबच उभे राहायचे.

लांब उभं राहणं बरोबरच होतं. पाणी आणि वीज एका जागी म्हटलं की आमच्याकडे प्रत्येकाला कुणी ना कुणी आठवतं. आमच्याच गल्लीतली एक सून ओल्या हातानं कूलरला शिवली आणि तिथंच गेली. आई कूलरमध्ये पाणी भरायची ती प्लग काढून, पायात रबरी चप्पल घालून, आणि वर देवाचं नाव घेऊन. दादा तिला समजवायचा, "अर्थिंग पक्कं केलं हाय, आई."

"पान्याले तुह्यं अर्थिंग समजते का?" आई म्हणायची.

दादा काही बेफिकीर नव्हता. जोडांवर गॅसच्या नळीच्या क्लिपा आवळून त्यानं आधी नुसताच पंप चालवला होता, कॉम्प्युटर बंद ठेवून, आत वर्तमानपत्र अंथरून. सकाळी लावलेला पंप संध्याकाळपर्यंत चालला, कागद कोरडा राहिला, तेव्हा कुठे त्यानं कॉम्प्युटरचं बटण दाबलं. एवढी काळजी त्यानं स्वतःच्या तब्येतीची कधी घेतली नाही.

त्या उन्हाळ्यात मी बरेच दिवस माहेरी होते. आदल्या मे महिन्यात माझं लग्न झालं होतं आणि मधल्या थंडीत बाबा गेले. सकाळी दूध घेऊन आले, पिशवी ओट्यावर ठेवली, छातीत दुखतं म्हणाले, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. मी रडले नाही. तेरवीपर्यंत थांबले, येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाणी दिलं, चादरी मोजून परत केल्या. बायका कुजबुजत होत्या, "पोरगी दगडाची हाय वं." मला त्यांचा राग आला, पण तोही उसना आणल्यासारखा वाटला. आत काहीच हलत नव्हतं. जेवणाला चव लागत नव्हती आणि भूकही लागत नव्हती. ताट समोर आलं की जेवायचं.

बाबांचे फोटो होते, पण फोटोत ते सगळीकडे सारखेच, ऑफिसच्या ओळखपत्रासाठी उभे असल्यासारखे ताठ. चालते-बोलते बाबा फक्त माझ्या लग्नाच्या शूटिंगमध्ये होते. ते दादानंच केलं होतं. गावभराच्या लग्नांच्या सीडी वेळेवर आणि बहिणीची वर्ष झालं तरी नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सगळं कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतलं होतं आणि टेपा पुसून पुढच्या लग्नांना वापरल्या होत्या. ते काम असंच चालायचं. एवढं मोठं शूटिंग जसंच्या तसं सीडीत मावतही नव्हतं. सलग बनवून देतो, मग बघ, असं दादा म्हणाला होता, आणि मी थांबले होते. बाबांना हलताना पाहिलं की माझ्या आतलं काही हलेल, अशी आशा होती. ती मी कुणाला सांगितली नव्हती.

कूलरच्या पाण्यात एकच खोट होती, आणि ती पाण्याची नव्हती. तेव्हा आमच्याकडे लाईट दिवसातून कितीदा जायची त्याला धरबंध नव्हता. म्हणून घरात इन्व्हर्टर घेतला होता. इन्व्हर्टरवर काय चालवायचं याचे नियम घरोघरी ठरलेले: दोन दिवे, एक पंखा, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांचा कॉम्प्युटर. कूलर कधीच नाही. कूलर इन्व्हर्टरवर लावणारा माणूस आमच्याकडे उधळ्या समजला जातो. आणि पंप तर कूलरचाच. तो आपोआप कूलरच्या बोर्डावर गेला. दादानं नंतर वायरमनला बोलावून पंपाची तार इन्व्हर्टरवर घ्यायला सांगितली, तर तो म्हणाला, "कूलर का सामान कोई इन्वर्टर पे लेता है क्या, बैटरी बैठ जाएगी." एवढासा पंप काय खाणार होता, पण दादालाही ते पटलं. मग त्यानं घरात नियम केला. लाईट गेली, पंप थांबला, की कॉम्प्युटर ताबडतोब बंद. आईला, मला, दोघींनाही त्यानं ते बटण दाखवून ठेवलं.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी दादा वारासिवनीला एका लग्नात होता आणि मी लामत्याला मावशीकडे गेले होते. मी परतले तेव्हा दादा माझ्या आधी पोचलेला. कॅबिनेट अंगणात खाटेवर उघडं पडलं होतं आणि जळक्या प्लास्टिकचा वास अजून घरात होता. आई स्वयंपाकघरात भाजी निवडत होती.

"मीच चालू ठेवून गेलतो," दादानं सांगितलं. "गिऱ्हाइकाची सीडी बनाले लावली होती. दुपारी लाईट गेली, पंप थांबला, हा चालतच राह्यला. ठोकळा तापला, नळी मऊ पडून तोटीवरून सुटली. मंग लाईट आली."

पुढचं सांगायची गरज नव्हती. लाईट आली तसा पंप सुरू झाला आणि सुटलेल्या नळीतून टाकीतलं पाणी चालू कॉम्प्युटरवर सांडत राहिलं. सगळ्यात खाली हार्ड डिस्क होती.

दादा ती डिस्क घेऊन नागपूरला गेला. तिथल्या माणसानं ती तपासली, उघडली आणि मान हलवली. गावात गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. 'पानी में कम्प्यूटर डुबो दिया,' असं चौकात लोक दादाला हसत म्हणायचे. तो म्हणायचा, हौ, मेरी ही गलती है. ज्यांच्या लग्नाचं शूटिंग त्यात गेलं होतं ते घरी येऊन वाटेल ते बोलले. त्यांच्यापुढेही त्यानं तेच सांगितलं. मी ओसरीवर बसून ऐकत होते. माझंही लग्न त्यात होतं, बाबाही होते, आणि मला फक्त एवढंच वाटलं की बरं, आता वाट बघायला नको.

पाऊस लागल्यावर आम्ही कूलर उतरवला. दादा कामाला गेला होता. मी वाळ्याच्या ताट्या सोडवत होते आणि आई टाकीच्या तळाला बसलेला खाऱ्या पाण्याचा पांढरा थर घासत होती. घासता घासताच म्हणाली, "तो काही चालू ठेवून नव्हता गेला."

"मंग?"

"मी लावला होता. रोजच लावत होती मी, तो कामाले गेला का. तुह्यं लग्न पडद्यावर समोरच ठेवलं होतं त्यानं. दोनदा दाबलं का सुरू होते. त्यानंच शिकवलं मले."

मला हे काहीच माहीत नव्हतं. दुपारी मी मागच्या खोलीत झोपलेली असायचे.

"दादाले माहीत हाय?"

"हौ. आल्या आल्या कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीकडे पाह्यलं त्यानं, मंग माह्याकडे. मी सांगाले गेली तं बोलूच नाही देल्लं. मीच चालू ठेवून गेलतो मनते. आजपावतो तेच मनते."

"पन लाईट गेल्यावर बंद कराचं, मालूम होतं ना तुले? तुनं काहून नाही केला?"

"मालूम होतं." तिचा हात थांबला. "पंप थांबला तेही आयकलं मी. बटनावर बोट ठेवलं होतं. तुहे बाबा पंगतीत वाढून राह्यले होते. कोनाच्या तरी पत्रावळीवर वाकून लाडू घ्या, लाडू घ्या करून राह्यले होते. मधातच बंद करू का मी त्याईले?"

"नाही," मी म्हणाले.