कौलं मातीची का सिमेंटची

आमच्या दुकानात कौलांपेक्षा किस्सेच जास्त साठलेत. कोल्हापुरात कौलं विकायला बसून वीस वर्षं झाली. गिऱ्हाईक येतं छप्पर बदलायला आणि बोलतं घरातलं. मी चहा सांगतो, आणखी काय करणार?

कोडोलीच्या एक वहिनी आल्या. मातीच्या कौलावर बाटलीतलं पाणी ओतलं, वास घेतला आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. म्हटलं, झाला सौदा. तर म्हणाल्या, "सिमेंटची द्या. म्हायेरी ही मातीचीच हुती. हितं घातली तर रोज आठवण येईल." मी लिहून घेतलं.

एक पावणं प्रत्येक कौल बोटानं वाजवून बघत होते, मडकं घेताना बघतात तसं. सिमेंटचं वाजवलं, तर नुसतं थप्प. म्हणाले, "हे बोलतच न्हाय की."

शेजारून त्यांच्या मिसेस म्हणाल्या, "मग हेच घ्या. घरात बोलणारं एक बास हाय."

राधानगरीकडचे तुकातात्या मात्र तीनदा येऊन रिकामेच गेले. बायको वारलेली, दोन्ही पोरं पुण्यात, घरात एकटेच. छप्पर पार कुजलेलं, सिमेंटची कौलं सोयीची. पण मातीची कौलं म्हणजे दरसाली पावसाआधी शेकारणी आली. फुटकी काढायची, सरकलेली नीट बसवायची. त्यासाठी दोघं पोरं रजा काढून चार दिवस येतात. दिवाळीला येतील न येतील, शेकारणीला येणारच. हे सांगताना तात्यांचा चेहरा उजळायचा. मला माझे वडील आठवायचे. तेही अशीच वाट बघायचे आणि मी दुकानात बसून असायचो.

चौथ्यांदा आले ते थोरल्याला फोन लावूनच. पोरगा स्पीकरवरून मला म्हणाला, "काका, सिमेंटचीच द्या. एकदा बसवली की शेकारणीची कटकट नाही. बाबांनी ह्या वयात आमच्या भरवशावर का राहायचं?" पोरगं चांगलं हो. मनापासून बोलत होतं.

तात्यांनी फोन खिशात ठेवला. "लिवा. घरावर सिमेंटची."

मी लिहिलं. तात्या काही उठेनात.

"आनि गोठ्यावर मातीची."

"तात्या, एकदमच सिमेंटची घाला की. जनावरं किती हाईत?"

"एक बी न्हाय. म्हस दिवाळीतच इकली," तात्या म्हणाले. "पर गोठा दरसाली शेकाराय पायजेच की."