दहा उठाबशा

आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला. झरीजवळच्या वाडीत बाप मेंढरं राखायचा. मला पुस्तकं आणून देऊन, फीमाफी मिळवून हैदराबादच्या कॉलेजापर्यंत पोचवलं ते परभणीच्या शाळेतल्या गुरुजींनी. हे मी कधी लपवलं नाही. पुढचंही लपवत नाही.

पदवी घेऊन आलो त्या दिवाळीच्या सुटीत, शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष असलेले वकीलसाहेब समुद्र बघायला निघाले. सोबत जिनिंगवाले शेठ, गुरुजी आणि मी. मला नेलं ते पत्त्यांच्या मेंढीकोटाला चौथा गडी लागतो म्हणून. निजामाच्या हद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, शिपायांनी ट्रंका उचकल्या, मग मुंबई, मग मचवा, आणि एका बेटावरच्या हॉटेलात आम्ही उतरलो. समुद्र सकाळभर पाहिला. दुपारी शेठ म्हणाले, "लय पाणी हाय. पाहून झालं. पत्ते काढा."

व्हरांड्यात वारा पानं उडवायचा, म्हणून खिडक्या लावून खोलीत बसलो. आत अंधारच होता. गुरुजी दोनदा म्हणाले, "एक खिडकी तरी उघडा."

"अन् पानं समुद्रात गेली तर आणायला तुमी जाता का?" शेठ म्हणाले.

गुरुजींना दिसत नाही हे मला आगगाडीतच कळलं होतं. स्टेशनांच्या पाट्या ते मला वाचायला लावत होते, "बघू तुझं वाचन" असं हसून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कमिटीला कळलं असतं तर नोकरी गेली असती. गेल्याच साली हात कापतो म्हणून ड्रॉइंग मास्तरांना वकीलसाहेबांनी घरी बसवलं होतं. गुरुजींच्या दोन मुली लग्नाच्या होत्या.

गुरुजी आणि मी भिडू. या खेळात दश्शीला मेंढी म्हणतात. ज्याच्या मेंढ्या जास्त, त्याचा डाव. ज्या रंगाची उतारी, त्याच रंगाचं पान टाकायचं. जवळ असून टाकलं नाही तर ती चोरी.

वकीलसाहेबांनी बदाम उतरला. गुरुजींनी त्यावर हुकूम मारून मेंढी उचलली. दोन हात झाले आणि चौकटीच्या उतारीवर त्यांनी ठामपणे बदामाची सत्ती टाकली.

"गुरुजी," वकीलसाहेब म्हणाले, "बदाम होतं की तुमच्याकडं."

गुरुजींनी पानाकडं पाहिलंच नाही. कान धरून हसले. "सापडलो बुवा. केली चोरी."

हा माणूस चोर ठरायला राजी आहे, हे मला तिथंच समजलं. चोरीला माणसं हसतात आणि विसरतात.

"चोराला शिक्षा," शेठ म्हणाले. "शाळेतलीच द्या. दहा उठाबशा."

पंचावन्न वर्षांचा माणूस धोतर सावरून, कान धरून खाली बसला, उठला. शेठ मोजत होते. सहाव्याला गुडघा वाजला तेव्हा वकीलसाहेब म्हणाले, "पाढे म्हणा गुरुजी, सोपं जाईल." दहा पुऱ्या झाल्या.

"आता भिडूच्या," शेठ म्हणाले. "धनगराचं पोर. मेंढी चोरणं रक्तातच हाय."

"काढ रे तूही," गुरुजी मला म्हणाले. "खेळच आहे." ते माझ्याकडं बघत होते, पण नजर जरा बाजूला पडत होती.

मी बी.ए. होतो. हैदराबादेत जहागीरदारांच्या पोरांच्या बाकावर बसून आलो होतो. या दोघांपुढं कान मी धरणार नव्हतो.

"चोरी कुणी केली नाही," मी म्हणालो. "गुरुजींना बदाम आणि चौकट वेगळी दिसत नाही."

वकीलसाहेबांनी गड्डीतलं एक पान उचलून हातभर अंतरावर धरलं. "हे काय?"

"एक्का."

"कशाचा?"

गुरुजींनी मान पुढं काढून डोळे बारीक केले. "बदामाचा."

चौकटीचा होता. शेठ हसले. वकीलसाहेब हसले नाहीत. त्यांनी पान हळूच गड्डीत ठेवलं, तेव्हा शेठही थांबले.

संध्याकाळी वाळूत चालताना गुरुजींनी मला एकच विचारलं. "दहा उठाबशा तुला एवढ्या जड होत्या का रे?"

"मी खरं तेच बोललो, गुरुजी."

"खरं तर होतंच ते," ते म्हणाले.

परतीचा मचवा दुसऱ्या दिवशी दुपारी होता. सकाळी पत्ते पुन्हा निघाले, पण तिघांत मेंढीकोट होत नाही. वकीलसाहेब म्हणाले, "गुरुजींना बसवा. त्यांची पानं उघडीच मांडा." अध्यक्षांना नाही कसं म्हणणार, गुरुजी बसले.

पानं वाटता वाटता वकीलसाहेब मला म्हणाले, "सुटी संपली की गुरुजींचा वर्ग तुम्ही घ्या. अर्ज मागाहून लिहा." कालपर्यंत ते मला अरे-तुरे करत.

"होय," मी म्हणालो.

गुरुजींनी मान वर केली नाही. "उतारी कशाची?" त्यांनी विचारलं.

"बदामाची," शेठ म्हणाले आणि चौकट टाकली.

वकीलसाहेब माझ्याकडं बघत होते.

"बदाम दाखव रे मला," गुरुजी म्हणाले.

मी त्यांचं बोट धरून बदामावर नेऊन ठेवलं.