अंगठ्यापाशी न थांबणाऱ्या कुसुमताई

डॉ. कुसुमताई डोंगरवार यांची आणि माझी पहिली भेट भंडाऱ्यातील त्यांच्या दवाखान्यात झाली. वैद्यकीय शिक्षण संपवून मी तेथे नुकताच रुजू झालो होतो. ताई माझ्याशी उभ्याउभ्याच बोलल्या. बोलता बोलता खिडकीपासून दारापर्यंत त्यांच्या फेऱ्या चालू होत्या. आज त्या पंच्याहत्तरीत आहेत आणि ती अस्वस्थता तसूभरही उणावलेली नाही.

त्याच आठवड्यात जवळच्या कारधा गावचे रामदासभाऊ आले. नदीवर मासेमारी करणारा, दिसायला धडधाकट माणूस. पण पायाचा अंगठा लालबुंद सुजलेला, चादरीचा स्पर्शही सोसवेना. रक्तातले यूरिक ॲसिड वाढून सांध्यात खडे साचल्याचे, म्हणजेच गाउटचे, हे दुखणे मी ओळखले. औषध लिहू लागलो, तोच ताईंनी मोजपट्टी काढली.

"बाई, दुखून राहिला अंगठा, अन् तुमी कंबर कायले मोजता?"

"अंगठा बोंबलून राहिला म्हून तुमी आले, भाऊ. बाकीचं शरीर मुकाट बसलं हाय, त्याले कोण विचारन?"

तपासणीत रक्तदाब वाढलेला निघाला, साखरही. सुटलेले पोट, रक्तदाब, साखर आणि यूरिक ॲसिड ही मंडळी बहुधा एकमेकांच्या संगतीने येतात, हे मी वाचले होते. ताईंनी ते माणसात दाखवले. रामदासभाऊंना धास्ती वेगळीच होती. "मासोळी बंद करा म्हनान, तर खाऊ काय?"

"मासोळी थोडी कमी करा. पन पयले दारू अन् त्या थंड्या गोड बाटल्या सोडा. अन् दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणू नका. किडनीले भारी पडते."

अंगठ्याची सूज उतरली आणि रामदासभाऊ यायचे थांबले. ताई रोज विचारत. "बरे वाटले असेल," मी म्हणालो. "म्हणूनच जीव थाऱ्यावर नाही माझा. बरं वाटलं की माणूस पथ्य सोडतो," त्या म्हणाल्या.

एका रविवारी मला घेऊन त्या थेट कारध्याला गेल्या. रामदासभाऊ अंगणात जाळे सांधत बसले होते. चेहरा सुजलेला, दोन्ही पावले फुगलेली. त्यांच्या पत्नी शेवंताबाई म्हणाल्या, "दुखलं का गोळी, दुखलं का गोळी. सांगून सांगून थकली मी." ताई रागावल्या नाहीत. रामदासभाऊंशेजारी जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "चला, भाऊ. आताच नागपूरले जाऊ."

मूत्रपिंडे दुखावली होती. डायलिसिस टळले, झालेले नुकसान मात्र पुरते भरून आले नाही. परतताना ताई सारखा पदर पिळत होत्या. "मी त्यांना सांगितलं, शेवंताबाईंना नाही. घरात काय शिजतं, गोळ्या कोण आणतं, काहीच विचारलं नाही." दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे रुग्णासोबत घरचे माणूस बसू लागले, आणि जो फिरकत नाही त्याला फोन जाऊ लागला.

त्यांच्या तडाख्यातून मीही सुटलो नाही. माझे पोट सुटलेले पाहून त्यांनी माझे रक्त तपासले आणि रोज सकाळी मला वैनगंगेच्या काठाने चालायला नेले. त्या इतक्या झपाझप चालत की तक्रार करायला मला दम उरत नसे.

यूरिक ॲसिड हे बिघाडाचे एक कारण, की आतल्या बिघाडाची नुसती खूण? हा प्रश्न त्या आजही मला विचारतात. नुसता आकडा वाढला, त्रास काही नाही, अशांना त्या सहसा गोळी देत नाहीत. पण त्यांना विसरतही नाहीत. "नक्की ठाऊक नाही, म्हणून तर नजर ठेवायची," हे त्यांचे म्हणणे.

ताईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाचे कळल्यावर रामदासभाऊ माझ्याकडे आले. औषधे वेळेवर घेतात, अजून नदीवर जातात. मी म्हटले, ताईंना निवांतपण लाभो असे लिहितो. ते घाईघाईने म्हणाले, "तसं नोका लिहू, साहेब. बाई निवांत बसल्या तर आमच्याकडं कोण पायन?"

म्हणून एवढेच मागतो: कुसुमताईंना दीर्घ, निरोगी आयुष्य लाभो, पाय भक्कम राहोत, आणि जिवाची ही तगमग कधी शमू नये.