शर्ट माह्यापाशी हायेत

माझा धाकटा भाऊ पंजाबराव याने जेवढी लग्नं आणि बारशी चुकवली, तेवढी यवतमाळात दुसऱ्या कोणी चुकवली नसतील. कारण दरवेळी एकच. "मॅच हाये बाई. शर्ट माह्यापाशी हायेत." मी शाळेतून रिटायर झाले त्या दिवशी सगळ्या स्टाफने भाऊ कुठे म्हणून विचारलं. भाऊ दारव्ह्याला, अकरा शर्टांचं गाठोडं घेऊन. मी त्याच्याशी दोन महिने बोलले नाही. त्याला ते कळलंच नाही.

शर्टांचं वेड कुठून आलं ते सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही.

पंजाब जन्मला छप्पन साली, आमच्या घराने दीक्षा घेतली त्याच वर्षी. एकोणिसाव्या वर्षी तो हरणासारखा पळायचा. बाजारातला फुटबॉल क्लब त्याला सरावाला घेई, नाल्यात गेलेला बॉल आणायला लावी, आणि मॅचच्या दिवशी यादीत त्याचं नाव नसे. तिसऱ्यांदा त्याने विचारलं तेव्हा कप्तान म्हणाला, "तुझ्या मापाचा शर्ट नाही रे." सगळे हसले. माप कशाचं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

पंजाब घरी आला, वस्तीतून दहा पोरं गोळा केली, ज्याचा त्याचा पांढरा शर्ट मागितला आणि आईच्या घमेल्यात नीळ कालवली. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. मी म्हटलं, "अरे येड्या, नीळ कपडे पांढरे करायला असते, रंगवायला नाही." ऐकतो कोण! पुडीवर पुडी ओतली. पहिली मॅच बाजारच्या क्लबाशीच. अर्ध्या वेळेपर्यंत घामाने रंग उतरला आणि आमची अकराच्या अकरा पोरं कमरेपर्यंत निळी. लोक पोट धरून हसले. सहा गोल खाल्ले. पंजाब मात्र निळ्या तोंडाने नाचत घरी आला. "आज आपन अकरा होतो, बाई!"

तो आमचा नवप्रकाश क्लब. पुढे पंजाब एसटीच्या वर्कशॉपात लागला, पक्क्या रंगाचे शर्ट आले, पण धुणं, वाळवणं, घड्या घालणं त्याने दुसऱ्या कोणाच्या हाती दिलं नाही. त्याची बायको कौसल्या म्हणायची, "मीबी निळं लुगडं नेसतो, मंग तरी माह्यं धुसान का?" ती गेली त्याला नऊ वर्षं झाली. धुतलं नाही ते नाहीच.

त्यांचा एकुलता एक अश्वजित. सहा वर्षांचा असल्यापासून बापाबरोबर त्या मुरमाच्या मैदानावर गुडघे फोडून घ्यायचा. बी.एस्सी. नर्सिंग केलं आणि एकवीस साली इंग्लंडला एका दवाखान्यात लागला. गाव लहान, उत्तरेकडचं. पहिल्या हिवाळ्यात पोरगं पार खचलं. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोंडातून शब्द निघायचा नाही. बोलायला माणूसच नाही. एका रविवारी फोनवर रडला. "बाबा, मी वापस येऊन राह्यलो. इथं मले कोनी ओयखत नाही."

मी शेजारीच बसले होते. पंजाबने "ये" म्हटलं असतं तर पोरगं पुढच्या विमानाने आलं असतं. मी खूणही केली. पण आमच्या शहाण्याने विचारलं काय, तर "तिथं फुटबॉल क्लब कोनता हाये?"

दोन होते. एक मोठा, टीव्हीवर दिसणारा, आगगाडीने पाऊण तास. दवाखान्यातले आपल्याकडचे सगळे त्याचेच चाहते. दुसरा गावातलाच, त्यांच्या फुटबॉलच्या उतरंडीत कुठल्या तरी सहाव्या पायरीवरचा, पत्र्याच्या शेडखाली चार-पाचशे माणसं.

"पायी जाता येते तो धर," पंजाब म्हणाला. "गाडीनं जा लागते तो टीव्हीवाल्याचा."

"पन बाबा, ते पिवळे हायेत. निळा तो मोठावाला हाये."

 या माणसाने दाराला निळा, पंपाला निळा, सायकलला निळा लावलेला. मला वाटलं, आता पलटणार. "निळा नसला तरी चालते," तो म्हणाला. "एकाच जागी उभा राहत जाय. दर शनिवारी तीच जागा. हरले तरी निघू नको. चौथ्या-पाचव्या खेपेला कोनी ना कोनी बोलतेच."

आणि बोललं. पाचव्या शनिवारी एका म्हाताऱ्याने त्याला चहा दिला. मधे एक शनिवार चुकला, तर पुढच्या खेपेला त्यानेच विचारलं, "मागच्या वेळी दिसला नाहीस?" ड्यूटी होती म्हणाला. पोरगं हसायला लागलं, जेवायला लागलं. पंजाब वस्तीभर सांगत फिरायचा. आधी अश्वजित फोनवर म्हणायचा, "ते हरले." वर्षभरात म्हणायला लागला, "आमी हरलो." मी मराठी शिकवत जन्म काढला. "आम्ही"मध्ये समोरचा माणूस नसतो, एवढं मला कळतं. पंजाबलाही कळलं. तो म्हणाला, "बरं झालं, पोरगं लागलं मार्गाले." आणि चहा न पिता उठला.

यंदा क्लबला पन्नास वर्षं झाली. पंजाबने मनात एकच गोष्ट धरली होती. पहिल्या मॅचच्याच दिवशी, त्याच मैदानावर, त्याच बाजारच्या क्लबाशी पुन्हा मॅच व्हावी आणि अश्वजितने निळा शर्ट घालावा. नुसती हौस नव्हती. वस्तीतली पोरं आता क्रिकेट खेळतात, नाहीतर पुण्याला जातात. इकडूनतिकडून जमवून दहा भरले. अकरावा अश्वजित. तो आला तर मॅच, नाही तर क्लबला कुलूप. अश्वजितने दिवाळीत हो म्हटलं होतं.

मार्चमध्ये त्याचा फोन आला. "बाबा, एप्रिलच्या त्या शनिवारी जमत नाही. मेमध्ये येतो."

"काहून?"

"यंदाची शेवटची मॅच हाये. जिंकलो तर आमी वरच्या पायरीवर जातो."

"तू थोडीच खेयतं!"

"खेयत नाही बाबा, पन..." पोरगं अडखळलं. "ते चहा देनारे म्हातारबाबा मागच्या वर्षी वारले. तवापासून शर्ट माह्यापाशी हायेत."

पंजाबच्या हातातला फोन मी काढून घेतला. पोराला झापणार होते, तोंड उघडलंही होतं. पण झापू काय? बापाने पन्नास वर्षं जे सांगितलं तेच पोराने बापाला सांगितलं. "गरम पाण्यात टाकू नको," एवढंच म्हटलं आणि ठेवून दिला.

पंजाबने मॅच रद्द मात्र केली नाही; ठरल्या शनिवारी सकाळी सात वाजता दोन्ही बाजू मैदानावर आल्या. एप्रिलमध्ये आमच्याकडे ऊन चढलं की उभं राहवत नाही. पंजाबने दहा शर्ट वाटले. अकरावा काखेत.

बाजारच्या क्लबात आता कोणी माप विचारत नाही. आमच्याच वस्तीतले तिघे त्यांच्याकडून खेळतात. त्यांचा कप्तान बरा माणूस होता. आला, वाकून नमस्कार केला. म्हणाला, "काका, एक कमी दिसते. आमचा संघदीप देतो आजच्यापुरता. तुमच्याच वस्तीतला आहे."

संघदीप अश्वजितच्या बरोबरीचा, दोघे एका ताटात जेवलेले. तो लाल शर्ट काढतच पुढे आला. "द्या ना काका. मी घालतो आपला शर्ट."

"तुह्यापाशी हाये शर्ट," पंजाब म्हणाला.

"अवो काका, एका मॅचचा सवाल हाये!"

"आमच्याकडून आमचेच खेयतीन."

मग मात्र मला राहवलं नाही. सगळ्यांदेखत म्हटलं, "पंजाब, तुला शर्ट दिला नाही म्हणून तू पन्नास वर्षं जळलास. आता शर्ट उरला आहे आणि पोरगं उघड्या अंगाने समोर उभं आहे, तर तू देत नाहीस? त्या कप्तानात आणि तुझ्यात फरक काय?"

पंजाबने अकरावा शर्ट काखेत आणखी घट्ट धरला. संघदीपने लाल शर्ट परत अंगात घातला. दहा जणांनी खेळायची तयारी दाखवली, तीही पंजाबने धुडकावली. म्हणे, पहिल्या दिवशी अकरा होतो, शेवटच्या दिवशी दहा नाही. लोकांनी पोहे खाल्ले, चहा घेतला आणि आठ वाजायच्या आत मैदान रिकामं.

पंजाबने घरी येऊन अकराही शर्ट भिजत घातले आणि दिवस मावळताना धुवायला बसला. घामाचा थेंब लागला नव्हता, तरी धुतले. मी दारात उभी राहून काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

संध्याकाळी सातला अश्वजितचा फोन आला, तिकडे दुपारचे अडीच. मागे गलका ऐकू येत होता. त्यांची मॅच सुरू व्हायची होती. पंजाबचे हात ओले, म्हणून मी फोन त्याच्या कानाशी धरला.

"बाबा, आपन किती मारले?"

तीन वर्षांत पहिल्यांदा पोराच्या तोंडून "आपन" आलं. मी पंजाबकडे पाहिलं. आता तरी बोल, म्हटलं मनात. बोल त्याच्याशी.

"आमी खेयलो नाही," पंजाब म्हणाला, आणि बादलीतला पुढचा शर्ट पिळायला घेतला.