चिठ्ठीतले क्रियापद

सुवर्णाबाई विधाते मखमलाबादच्या. घरी झेंडू आणि मेथी, शाळेत पाचवी-सहावीला मराठी, आणि १९९६पासून उन्हाळ्याच्या सुट्टीत चोऱ्या आणि खून. जुन्या इंग्रजी रहस्यकथा त्या मुलांसाठी मराठीत आणत. मूळ गोष्टीत चोराच्या बुटांचे ठसे बर्फात उमटायचे. नाशिकला बर्फ मिळतो तो रसवंतीत. म्हणून बाईंनी चोराला निफाडच्या द्राक्षबागेत, चिखलात उतरवले. लॉर्डसाहेबांचे बागाईतदार झाले. कुत्रा तेवढा तसाच ठेवला.

प्रकाशक धोंडीराम यांची अट होती, "शेवटच्या पानाआधी पोरांना चोर कळला नाही, तर कव्हरवर तुमचं नाव. नाहीतर 'रूपांतर : संपादक मंडळ'." मंडळ म्हणजे धोंडीराम आणि त्यांचा टेबलफॅन. बाईंना कव्हरवर नाव हवे होते, अगदी हट्टाने हवे होते, आणि त्याची त्यांना मुळीच लाज वाटत नव्हती.

त्यांनी पहिली गोष्ट वर्गात वाचली. तिसऱ्याच पानावर चोराची चिठ्ठी : "हार घेऊन मी गेले. शोधू नका." भाजीवाल्या कुसाबाईची साधना मागून ओरडली, "बाई, चोर बाईच हाय! 'गेले' म्हणते ना ती!" वर्ग हसून लोळला. इंग्रजीत जे दोनशे पाने झाकून राहते, ते मराठी एका मात्रेत चव्हाट्यावर आणते. आठवडाभर क्रियापदांशी झटून बाईंनी चिठ्ठी बदलली : "हार माझ्याकडे आहे. शोधू नका." दुसऱ्या तुकडीला शेवटपर्यंत चोर सापडला नाही.

पुस्तक आले. कव्हरवर छापले होते, 'सु. के. विधाते'.

"अहो, चाकूसुऱ्यांची पुस्तकं बाईच्या नावावर कोण घेतं?" धोंडीराम म्हणाले. "पाककृती असत्या तर गोष्ट वेगळी."

मग पत्रे येऊ लागली, सगळी 'आदरणीय विधाते सर' यांना. बाईंना संताप आला, रडूही आले. त्या दिवशीची मेथी त्यांनी देठांसकट फोडणीत टाकली.

दुसऱ्या पुस्तकाला प्रस्तावना हवी होती. धोंडीराम प्रस्तावना कधी वाचत नसत. बाईंनी दीड पान अगदी सोवळ्यात लिहिले : मला वाटते, मला आवडते, मी गोष्ट वाचली. लिहिणारा कोण, याचा कुठे पत्ता लागू दिला नाही. फक्त मधे एक ओळ घातली, "पहिल्यांदा वाचताना मी फार घाबरले."

दोन महिने पत्रे 'सरां'नाच येत राहिली. मग पिंपळगाव बसवंतच्या तेजस्विनी नावाच्या सहावीतल्या मुलीचे पोस्टकार्ड आले. धोंडीरामांनीच ते बाईंना मोठ्याने वाचून दाखवले : "आदरणीय बाई, पान चार, ओळ सात. तुम्ही सापडलात."

"कोण सापडलं?" धोंडीराम गोंधळले.

"मी सापडले," बाई म्हणाल्या. "आणि चोर तुम्ही."

तिसऱ्या पुस्तकावर 'सुवर्णा विधाते' असे आले, पूर्ण आणि ठळक. पहिली प्रत बाईंनी पिंपळगावला पाठवली. आत लिहिले होते, 'शोधल्याबद्दल.'