खाडीत न सोडलेल्या फ्लॉप्या

माझ्या भागीदाराने मला फसवलं, आणि माझ्याइतकंच माझ्या मेलेल्या मामालाही फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण डोंबिवलीत अजून काही लोक या प्रकाराला ‘दोघांचं पटलं नाही’ असं म्हणतात. न पटणं वेगळं. इथे चोरी झाली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी ठाकुर्लीच्या बाजूच्या, खाडीकाठच्या गावातला. शाळा अर्धवट सोडून कल्याणच्या एका दुकानात लाउडस्पीकरच्या कॉइल गुंडाळायला लागलो आणि तिथून स्वतःचे स्पीकर, स्वतःचा ॲम्प्लिफायर, असं एकेक उभं केलं. कोणी हात धरून शिकवलं नाही. भाव करायला मात्र मला कोणी शिकवायची गरजच नव्हती. आखातात निघालेल्या एका वादकाकडून मी सॅम्पलर घेतला, तेव्हा त्याची लोखंडी पेटी, सगळ्या केबली आणि शेवटी पेटीला बांधलेली सुतळीसुद्धा त्याच भावात सोडवून घेतली होती.

सॅम्पलर म्हणजे आवाज साठवणारं यंत्र. माईकवरून आवाज आत घ्यायचा, त्याचे तुकडे पाडायचे आणि यंत्र रबरी पॅडला जोडायचं. पॅडवर काठी मारली की साठवलेला आवाज बाहेर. पण लाइट गेली की यंत्र कोरं. म्हणून आवाज फ्लॉपीवर ठेवायचे आणि प्रत्येक कार्यक्रमाआधी पुन्हा यंत्रात भरायचे.

आमच्याकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी हळदीला नाच असतो आणि आमचा सगळा धंदा हळदीचा. यंत्रं आणि स्पीकर माझे. भागीदार की-बोर्ड वाजवायचा. डोंबिवलीत फ्लॅटमध्ये राहणारा, शिकलेला, गोड बोलणारा. मांडणीला तो हात लावायचा नाही. मांडवामागे लोखंडी सळई ठोकून तिच्यावर मिठाचं पाणी ओतून अर्थिंग करायचं, नाहीतर स्पीकर घूं घूं करतात, हे माझं काम. हॅलोजनची लाइन वेगळी काढायची, ॲम्प्लिफायर सगळ्यांत शेवटी चालू करायचा, हेही माझंच. धवलारीण धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गात असते तोवर यंत्राने चूं करायचं नाही. तिचं गाणं संपलं की मात्र पोरं थांबत नाहीत. तेवढ्यात फ्लॉपी भरून तयार पाहिजे.

त्या फ्लॉपीत आम्ही सुरुवातीला तयार आवाज वापरायचो. ढोलकी अशी वाजायची, जशी पत्र्याच्या डब्यावर वांगी पडतायत. गावातल्या बायका तोंडावर सांगायच्या, ‘ह्या तुमच्या मशिनीवर पाय उचलत नाय.’ माझा मामा आयुष्यभर हळदीला ढोलकी वाजवत आलेला. मी त्याच्याकडे गेलो. पंखा बंद केला, कोंबड्या टोपलीखाली झाकल्या आणि माईक लावला. मामा ढोलकी मांडीवर घेऊन बसला, पण हात उचलेना.

“मना पैसं नको,” तो म्हणाला. “माजा नाव माईकवर घ्यायचा. दर हलदीला, पयल्या गान्याच्या आधी. कबूल असंल तं वाजवतो.”

एवढा स्वस्त सौदा मी जन्मात केला नव्हता. मी हो म्हणालो. भागीदारही तिथेच मांडी घालून बसला होता, तोही हो म्हणाला. त्याच्या तोंडचा तो ‘हो’ मी विसरलेलो नाही.

मामाला एक सवय होती. ठेका वळवायच्या आधी तो घशातून ‘हं’ करायचा, शेजारच्या वादकाला इशारा म्हणून. तो ‘हं’ नेमका थापेवर बसून यंत्रात आला. भागीदार म्हणाला, कापू या. कापायला गेलो तर थापच मरायची. राहू दिला. पुढे तोच ‘हं’ लोकांना इतका आवडला की नाचणारी पोरं त्याच्यावर एकसाथ ‘हं’ करायला लागली.

त्या चैत्रात मामा गेला. मी शब्द पाळला. प्रत्येक हळदीला पहिल्या गाण्याआधी माईक घेऊन त्याचं नाव घ्यायचो. मामी मांडवात असली तर हातातलं काम ठेवून डोक्यावर पदर घ्यायची. मग ठेका सुरू व्हायचा.

दसऱ्याला आम्ही सगळं सामान मांडून पूजा केली. स्पीकर, ॲम्प्लिफायर, की-बोर्ड, सगळ्यांना झेंडूची फुलं. फ्लॉप्या दोन होत्या, एक वापरायची आणि एक जपून ठेवायची. एकीला हळदकुंकू लावायचं आणि दुसरी कोरडी ठेवायची, असं माझ्या हाताला जमेना. दोघींना भरपूर लावलं. ज्या घरात कोयत्यालाही कुंकू लागल्याशिवाय दसरा होत नाही, त्या घरात हेच होणार.

दुसऱ्या दिवशी यंत्राने फ्लॉपी वाचायला नकार दिला. भागीदाराने ती फुंकली, पुसली, पुन्हा घातली. यंत्र घरघरलं आणि थांबलं. दुसरी त्याने घातलीच नाही. कुंकू आत जाऊन यंत्राचं हेड बिघडेल, म्हणाला. घरी नेऊन साफ करतो, म्हणाला. चार दिवसांनी हात हलवत आला. दोन्ही मेल्या. मी म्हटलं, मेलेल्या तर मेलेल्या, मला परत दे. तर म्हणतो, “पूजा झालेली वस्तू कचऱ्यात कशी टाकणार? खाडीत सोडल्या.”

मला त्याचं कौतुक वाटलं, हे आज लिहितानाही डोकं तापतं. बामणाघरचा पोरगा आपली रीत पाळतो, असं मी मामीला सांगून आलो. त्यानंतर ती मांडवात आली तरी स्पीकरकडे पाठ करून बसायची. ढोलकीशिवाय आमची मागणी कमी झाली, आणि भागीदार अंगणाबाहेर चप्पल काढावी इतक्या सहज भागीदारीतून निघून गेला.

पुढच्या लग्नसराईत मी बायकोच्या माहेरच्या हळदीला खडवलीला गेलेलो. पाहुणा म्हणून, हातात सरबताचा ग्लास. धवले संपले, स्पीकर सुरू झाले, आणि मांडवभर मामा म्हणाला, “हं.”

ग्लास कुठे ठेवला आठवत नाही. स्टेजवर भागीदार होता, नवा सॅम्पलर, नवे कपडे. नाव कोणाचंच घेतलं नव्हतं. गाणं संपल्यावर मी त्याला मांडवामागे गाठलं आणि विचारलं, हा आवाज खाडीतून पोहत आला का?

तो आधी म्हणाला, ढोलकी ती ढोलकी, सगळ्यांची सारखीच. मी म्हटलं, आणि ‘हं’ कोणाचा, तुझ्या आजोबांचा? मग त्याने सूर बदलला.

“अरे, तू कुंकू लावून मारलेल्यास त्या. कापसाने पुसून पुसून मी जगवल्या. नाहीतर हा आवाज आज असता का?” आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून, “बोल, कितीला सोडतोस? भाव केल्याशिवाय तुला चैन पडत नाही.”

मी सुतळीसुद्धा फुकट सोडत नाही, हे सगळा कल्याण-डोंबिवली पट्टा जाणतो. त्या क्षणी माझ्या तोंडून आकडा निघाला नाही. मी म्हटलं, माईक घे आणि मामाचं नाव घे. आत्ता, पुढच्या गाण्याआधी. बाकी सगळं तुझं.

तो म्हणाला, “लग्नघरात मेलेल्या माणसाचं नाव? अपशकुन होतो. लोक काय म्हणतील?”

म्हणजे आधी आमच्या पूजेच्या नावाने चोरी, आणि आता शकुनाच्या नावाने तोंड बंद. हाच माणूस मामा गेल्यावर दसऱ्यापर्यंत माझ्या बाजूला उभा राहून ते नाव ऐकत होता. तेव्हा कोणाचं लग्न मोडलं? माझा हात उठला होता. बायकोच्या भावांनी मला धरलं. दाजी, हळद आहे, आज नको, असं करत करत गेटापर्यंत आणलं. मागे मामा पोरांना नाचवत होता.

त्यानंतर तो विठ्ठलवाडीपासून ठाण्यापर्यंत त्याच ठेक्यावर वाजवत राहिला. ज्यांनी मामाच्या ढोलकीवर स्वतःची हळद साजरी केली, त्यांनीही तो ‘हं’ ओळखला आणि मला येऊन सांगितलं, ‘वाटतंय खरं त्याचंच.’ त्याला मात्र कोणी काही बोललं नाही.

फ्लॉप्या मला नकोत. आता त्या वाचणारं यंत्रही कोणाकडे नसेल. मामाने ठरवलेली किंमत एकच होती, आणि भागीदारा, ती कबूल करताना तू तिथे मांडी घालून बसला होतास. मामी अजून आहे, ऐकू चांगलं येतं तिला. भर मांडवात माईक हातात घेऊन तू ते नाव कधी घेणार, याचं उत्तर मला नको देऊस. तिच्या दारात जाऊन तिला दे.