स्वीडनचा दीर

"तुमच्या भावाला सांगा, उद्यापासून सकाळचा चहा मी करीन. आणि दुसरीकडे कुठे खोली मिळते का तेही बघायला सांगा."

समोरच्या ब्लॉकमधल्या काकू अर्धवट लोटलेल्या दाराआड काकांशी बोलत होत्या. मी बाहेर, बेलवर बोट ठेवून, ते न दाबता उभी.

"त्याच्या चहाला काय झालं?" काकांनी विचारलं.

"स्वीडनमधल्या त्या बाईचं काय झालं, विसरलात?"

स्वीडनमधल्या बाईला कॉफीतून विष दिलं गेलं होतं. हे काकूंना मी सांगितलं होतं, मेथी निवडता निवडता, सलग आठ दुपारी.

तेव्हा वाशीला इमारती जास्त आणि करमणूक कमी होती. आमच्या सेक्टरमध्ये एक गृहस्थ दुकानाच्या पोटमाळ्यावर लायब्ररी चालवत. तिथे मला ही स्वीडिश रहस्यकथा इंग्रजीत मिळाली. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. एकदा मी 'माझी डोकं दुखतो' म्हणाले, ते जिन्यात सगळ्यांना हसायला महिनाभर पुरलं होतं, त्यामुळे मी बेतानं बोलायचे. पण गोष्ट सांगताना काकू व्याकरणाला हसत नसत. त्यांना खुनी हवा असे.

आता खून झालेल्या बाईच्या घरी कॉफी करणारा माणूस तिचा 'ब्रदर-इन-लॉ' होता. मला मराठीत ब्रदर-इन-लॉ एकच ठाऊक होता. आईला तीन होते. मी म्हटलं, दीर.

"दीर का?" काकूंनी मेथीची जुडी खाली ठेवली होती. दिवाळे गावाहून मासे घेऊन येणारी मावशी टोपली उतरवून दारातच बसली होती, तिनं निकालच दिला. "दीर घरात हाय ना? मंग दुसरा कोन? जमिनीसाठी मारली असंल."

"जमीन नाही," मी म्हटलं. "बर्फ आहे."

"बर्फाखाली जमीनच आसते, पोरी."

काकूंचे दीर साताऱ्याकडून आले होते. तिशीचे, कांदा-बटाटा मार्केटात कारकून, अगदी मवाळ माणूस. दोन महिने बाल्कनीत झोपत. वहिनींना त्रास नको म्हणून पहाटे उठून सगळ्यांचा चहा तेच करत. त्या आठ दुपारींनंतर तो चहा मोरीत जायला लागला होता, हे मला माहीत नव्हतं.

माझ्या हातात दुसरा भाग होता. पहिल्याइतका जमलेला नाही. इन्स्पेक्टर तोच, त्याचा खोकलाही तोच, पण कोणी कुणाला जेवलास का म्हणून विचारत नाही, नुसती कॉफी. मी कंटाळून पानं उलटत होते. मग त्या ब्रदर-इन-लॉची बायको गोष्टीत आली, आणि ती निघाली मेलेल्या बाईची सख्खी बहीण. मी पुस्तक मिटलं आणि सरळ जिन्यात आले.

शेवटी मी बेल दाबली. दार उघडलं. "आलीस? बस. दुसरा भाग मिळाला वाटतं." काकूंनी मला आत घेतलं. आत मावशी सुरमई दाखवायला थांबलीच होती. काकूंचे दीर कोपऱ्यात ट्रंकेत शर्ट भरत होते, माझ्याकडे बघून ओळखीचं हसले. खोली बघायची हे त्यांच्या कानावर गेलं असावं, पण पुस्तकाबद्दल त्यांना कुणी काही बोललं नसावं.

"रविवारी माझी बहीण आणि मेहुणे येतायत राहायला," काकू म्हणाल्या. "मेहुणे म्हणजे देवमाणूस. मला सख्ख्या भावासारखे. बरं, सांग पुढे. दिराला फाशी झाली का?"

दिरांचा हात ट्रंकेत थबकला.

आता बोललं तर मी मराठी चुकले हे अख्ख्या जिन्याला कळणार होतं. शिवाय देवमाणसाचं काय होईल याचा नेम नव्हता. न बोललं तर ट्रंक भरणार होती. मावशीनं सुरमई टोपलीत ठेवली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

मी म्हणाले, "काकू, तो दीर नव्हताच. इंग्रजीत दोघांना एकच शब्द आहे, मी मराठीतला चुकीचा घेतला. तो तिच्या बहिणीचा नवरा होता."